तीन हजारावरची गाठ

वेट्टिकुन्नच्या चर्चला शंभर वर्षं पुरी होणार म्हणून तिथल्या गायकवृंदाने आठ गाणी रेकॉर्ड केली, इथवर सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते समितीच्या बैठकीत. कोचीचा जो स्टुडिओवाला त्या गाण्यांचं मिक्सिंग करणार होता, म्हणजे बावीस गळे, एक व्हायोलिन, एक कीबोर्ड आणि तबला हा सगळा संसार भांडणतंटा न होता एका छपराखाली नांदेल असं बघणार होता, त्याने कळवलं की त्याला सिनेमाचं काम मिळालंय, आता ओणमनंतर बघू. समारंभ चार आठवड्यांवर आलेला. तिरुमेनी, म्हणजे बिशपसाहेब, स्वतः येऊन गाण्यांचं प्रकाशन करणार, घरटी एक पेन ड्राइव्ह वाटला जाणार, असं पत्रिकेत छापूनही झालं होतं.

"आता या कामाला कान असलेला माणूस आणायचा कुठून?" मात्तन वकील म्हणाले, आणि त्यांनी बैठकीतल्या एकेका चेहऱ्याकडे आशेने पाहिलं. ईपन सारांचा चेहरा आला तेव्हा मात्र वकिलांची नजर न थांबता पुढच्या खांबावर गेली. खांबावर ती जरा रेंगाळलीसुद्धा.

ईपन सार, म्हणजे तिकडच्या उच्चारात ईपन सर, एकतीस वर्षं वीजखात्याच्या मीटर तपासणीत होते. खांबाला आपल्यापेक्षा जास्त कान आहेत असं भर बैठकीत सुचवलं गेल्यावर त्यांच्यासारख्या माणसाने काय करावं?

"मी करतो," ते म्हणाले.

गायकवृंदाचे प्रमुख पुन्नूस मास्तर चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. पण दुसरं कुणी हात वर केला नाही आणि ठराव मंजूर झाला.

सारांचा भाचा रेजी दोह्यात लग्नसमारंभांना ध्वनिव्यवस्था करतो. त्याने फोनवर कोणता प्रोग्राम घ्यायचा, कुठलं बटण कशाचं, ते सगळं सांगितलं. "आणि मामा, त्यात एक स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर आहे. पण आधी कानाने करा. अडलं तरच त्याच्याकडे बघा." यातलं मधलं वाक्य सारांपर्यंत पोचलं नाही. त्या वेळी फोन तुटत होता, असं ते पुढे सांगत.

स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर उघडला आणि सारांचं आयुष्य बदललं. पडद्यावर एक डोंगररांग उभी राहिली. डावीकडे ढोलासारखे जाड आवाज, उजवीकडे झांजेसारखे बारीक, आणि मधल्या पठारावर आपण माणसं. जिथे आवाज जास्त तिथे डोंगर उंच. गाणं सुरू झालं की अख्खी रांग नाचते. आजवर सारांना संगीत हा थोडा संशयास्पद प्रकार वाटायचा. एक म्हणतो सुरात आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघांपैकी कुणाकडेच पुरावा नसतो. आता पुरावा हाती लागला. संगीत हा गंभीर विषय आहे, हे त्यांना सदुसष्टाव्या वर्षी पटलं.

आणि पहिल्याच गाण्यात त्यांना गुन्हेगार सापडला. गाणारे थांबले, व्हायोलिन थांबलं, तबलजी खोकून थांबला, तरी बरोब्बर पन्नासच्या आकड्यावर एक सुळका ताठ उभा! शंभरावर त्याचा धाकटा भाऊ, दीडशेवर त्याहून धाकटा.

"शोशाम्मा!" सार ओरडले. "इकडे ये! गाण्यात वीज आहे!"

सारांची बायको शोशाम्मा स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. "बिल भरलंय," ती तिथूनच म्हणाली.

पण हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. पन्नास म्हणजे आपल्या तारांतल्या विजेचा आकडा. रेकॉर्डिंग झालं त्या चर्चच्या हॉलमध्ये अर्थिंग ढिलं असणार आणि विजेची गुणगुण मायक्रोफोनमध्ये उतरली असणार. प्रोग्राममध्ये एक बटण दाबलं असतं तर तो सुळका तिथल्या तिथे छाटला गेला असता. पण ज्याने एकतीस वर्षं या खात्याचं मीठ खाल्लं त्याने रोग सोडून लक्षण छाटावं? सारांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते आपल्या जुन्या खात्याच्या कार्यालयात गेले.

तिथे आता जलजा मॅडम नावाच्या तरुण इंजिनिअर होत्या. त्यांनी आदराने खुर्ची दिली.

"सार, हॉलमध्ये लाइट आहे?"

"आहे."

"कमीजास्त होतो?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"गाण्यात ऐकू येतो."

मॅडमनी संगणकावरची यादी खालीवर केली. वीज नाही, दाब कमी, तार तुटली, मीटर जळलं, तारेला फांदी लागते. 'गाण्यात ऐकू येतो' असा रकाना नव्हता. शेवटी 'इतर' मिळालं, पण त्याला ग्राहकाची सही हवी होती, आणि हॉलचं कनेक्शन निघालं चाक्कोच्चन नावाच्या फादरांच्या नावावर.

"त्यांनाच घेऊन या ना, सार."

"ते हॉलच्या मागेच असतात," सार म्हणाले. "पण एकोणीसशे बहात्तरपासून पुरलेले आहेत."

मग नाव बदलण्याचा अर्ज, त्याला मृत्यूचा दाखला, दाखल्याला पंचायतीचं पत्र, आणि पंचायतीत त्या सालची वही वाळवीने खाल्लेली. तीन दिवस हेलपाटे घातल्यावर जलजा मॅडमना दया आली. "सार, 'तारेला फांदी लागते' याला कुणाची सही लागत नाही. त्यात टाकते. माणसं आली की अर्थिंगही बघून घ्या."

माणसं दुसऱ्या दिवशीच आली, आणि कागदावर लिहिलेलं काम त्यांनी आधी केलं. हॉलशेजारच्या फणसाची तारेकडे झुकलेली मोठी फांदी त्यांनी दहा मिनिटांत खाली घेतली. तिच्यावर अकरा फणस होते. समारंभाच्या जेवणासाठी आताच्या फादरांनी ते स्वतः मोजून ठेवले होते. त्यानंतर माणसांनी अर्थिंगची सळई पाहिली, ती खरोखर ढिली निघाली, ती घट्ट केली आणि कोवळे फणस भाजीला चांगले लागतात असं सांगून ती निघून गेली.

पडलेल्या फणसांभोवती समिती जमली. सारांनी सगळ्यांना सुळक्याची हकीकत सांगितली आणि तो आता कसा कायमचा गेला तेही सांगितलं. पुन्नूस मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण सार, गाणी तर आधीच रेकॉर्ड झालीत ना?"

"मग?"

"म्हणजे सळई आज घट्ट झाली. गाणी गेल्या महिन्यातली आहेत."

सारांनी घरी येऊन ते बटण दाबलं. सुळका गेला. तीन सेकंद लागले.

तेवढ्यावर थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण सुळका छाटल्यावर त्यांना बाकीच्या डोंगररांगेतही खोड्या दिसायला लागल्या. उजवीकडे दहा हजारांच्या पुढे सगळं ओसाड होतं. मात्तन वकिलांचं घर कुंपणापलीकडे. ते वर्तमानपत्र परत करायला आले आणि खुर्ची ओढून बसले.

"ही जागा रिकामी का?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"तिथे काही नाही."

"सार, मोकळी जागा कधी ठेवू नये. उद्या कुणीतरी येऊन बसतं आणि मग वीस वर्षं दावा चालतो. काहीतरी लावून टाका तिथे."

वकिलांच्या सल्ल्यात सारांना तथ्य वाटलं. त्यांनी उजवी बाजू उचलली. काही ऐकू आलं नाही. आणखी उचलली. तरी काही नाही. रांग भरीव दिसेपर्यंत ते उचलत राहिले आणि आता उजवीकडची डोंगररांग इडुक्कीच्या घाटासारखी दिसू लागली.

"अच्चायन, ते काय तडतडतंय?" शोशाम्मा आतून म्हणाली; नवऱ्याला ती अच्चायन म्हणते. "मी तर अजून मोहरी टाकलीच नाही."

"काही तडतडत नाही."

"अहो, प्रत्येक 'स'ला फोडणी बसतेय! आणि वकिलांचा कुत्रा का रडतोय?"

"त्याला संगीत कळत नाही," सार म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आता राहिली एक गाठ. मधल्या पठारावर, तीन हजारांच्या आसपास, बायकांच्या आवाजात एक टेंगूळ वारंवार वर यायचं. आठही गाण्यांत. इतर जागी रांग कशी शिस्तीत, आणि हे टेंगूळ मात्र कडव्याकडव्याला डोकं काढणार. सारांनी त्याला बोटभर दाबलं. ते पुन्हा आलं. चार बोटं दाबलं. नोकरीत असताना जास्त पळणाऱ्या मीटरला ते जसा लगाम घालायचे तसाच त्यांनी त्याला घातला, आणि शेवटी रांग अशी सपाट झाली की तिच्यावर इस्त्री ठेवावी. त्यांनी तिचा फोटो काढून रेजीला पाठवला. रेजीने उत्तर पाठवलं, 'मामा, दिसतंय छान. ऐकलंत का?' सारांना तो प्रश्न खोडसाळ वाटला.

समारंभाच्या दहा दिवस आधी हॉलमध्ये सगळ्या गायकवृंदाला सारांच्या घरच्या छोट्या स्पीकरवर गाणी ऐकवायचं ठरलं. शोशाम्मा पहिल्या रांगेत बसली होती. चाळीस वर्षं ती गायकवृंदातही पहिल्याच रांगेत, मायक्रोफोनच्या अगदी तोंडाशी उभी राहते. पाचव्या गाण्यात तिचं एकटीचं कडवं होतं. त्यासाठी तिने नवी साडी नेसली होती, आणि तिरुवल्ल्याच्या बहिणीला फोनवर ऐकवायचं म्हणून मोबाइल मांडीवर तयार ठेवला होता.

पहिलं गाणं सुरू झालं आणि पुढच्या तीन बायकांनी पदर कानाला लावला. 'स' आला की वाफ सुटल्यासारखा आवाज व्हायचा. पुन्नूस मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, ते भक्तीने नव्हतं. पण खरी गंमत पाचव्या गाण्यात झाली. शोशाम्माचं कडवं आलं. व्हायोलिन वाजलं, तबला वाजला, आणि या दोघांच्या मागून, शेजारच्या पंचायतीतून कुणी हाक मारावी तसं काहीतरी ऐकू आलं.

शोशाम्माने मोबाइल मांडीवर उलटा केला.

"त्या दिवशी शोशाम्मा आजारी होती का?" मात्तन वकिलांनी विचारलं.

सारांना वाटलं, काम दाखवायची हीच वेळ आहे. ते उभे राहिले. "त्याचं काय आहे, तीन हजारावर एक गाठ होती. आठही गाण्यांत. फार उपद्रवी. मी ती मुळापासून काढून टाकली."

पुन्नूस मास्तरांनी डोळे उघडले.

"सार," ते म्हणाले, "ती गाठ म्हणजे तुमची बायको."

कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळा हॉल हसला. फादर छताकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. सारांना स्वतःचा अपमान गिळता आला असता, त्याची त्यांना सवय होती. पण शोशाम्मा हसली नाही आणि रडलीही नाही. तिने पिशवी उचलली आणि ती चालत घरी गेली. हॉलपासून घरापर्यंत चढ आहे आणि तिचे गुडघे दुखतात. सार लॅपटॉप काखेत मारून मागून गेले, पण तिला गाठू शकले नाहीत.

त्या दिवसापासून शोशाम्मा बारीक आवाजात बोलायला लागली. जेवण वेळेवर, कप्पा, म्हणजे उकडलेला कंद, आणि मासे नेहमीसारखे, फक्त आवाज नाही. तिचे ओठ हलायचे आणि सारांना काही कळायचं नाही.

"काय म्हणालीस?"

ओठ पुन्हा हलले.

"शोशाम्मा, मोठ्याने बोल की!"

"मीठ संपलंय म्हणतात त्या," कुंपणापलीकडून मात्तन वकील ओरडले. "आणि मोठ्याने बोलणार नाहीत. तुमच्या आलेखात गाठ येते."

राग, लाज हे सगळं होतंच, पण सारांच्या तपासनीस मेंदूत दुसरंच काहीतरी खटकलं. वकील वीस फुटांवर, मधे केळी आणि कुंपण. ती जे बोलली ते वकिलांना ऐकू आलं. आपण दोन फुटांवर.

त्यांनी कुणाला काही न सांगता कोट्टयमची बस धरली आणि ते कानाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. अर्ध्या तासाने तिने एक कागद पुढे केला. कागदावर आलेख होता. डावीकडून रेघ रुबाबात सपाट येत होती, तीन हजारापाशी अडखळली, चार हजारावर तोल गेला आणि तिथून पुढे विहिरीत पडल्यासारखी सरळ खाली.

"वयाने होतं, अंकल. बारीक आवाज आधी जातात."

"हे तुमचं यंत्र," सारांनी घसा साफ केला, "कधी तपासलंय का कुणी?"

मुलीने यंत्र फिरवून मागची चिठ्ठी दाखवली. दोन महिन्यांपूर्वीची तारीख, तपासणाऱ्याची सही, शिक्का. अशा चिठ्ठ्या सारांनी एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने चिकटवल्या होत्या. वरच्या न्यायालयात जायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद शोशाम्मापुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला.

"हे कोणतं गाणं?"

"हा मी आहे."

शोशाम्माने रेघेच्या शेवटापर्यंत बोट नेलं. चेहरा हलला नाही, पण चार दिवसांनी पहिल्यांदा ती नेहमीच्या आवाजात बोलली. "म्हणजे मी भाजी आणा म्हणते ते खरंच ऐकू येत नाही?"

"ते येतं," सार प्रामाणिकपणे म्हणाले. मग त्यांनी मान खाली घातली. "शोशाम्मा, मला तुझे कान हवेत. मी बटणं फिरवतो. तू ऐक. सहा दिवस राहिलेत."

"चाळीस वर्षांत तुम्ही माझं कडवं कधी ऐकलंत?"

रविवारी सार मागच्या बाकावर बसून पंख्याचा वेग मोजायचे.

शोशाम्मा बसली, पण एका अटीवर. तिने अंगपुसणं आणून लॅपटॉपच्या पडद्यावर टाकलं. सार पहिला तासभर डोळे बांधून रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखे कासावीस झाले होते. "उजवीकडचं कमी करा. अजून. अजून, अच्चायन, कंजूषपणा नको. हां, आता 'स' माणसासारखा झाला. व्हायोलिन जरा मागे उभं करा. हा कोण पुरुष मधेच घोगरा, मात्तन वकील का? राहू दे त्यांना, पण खाली बसवा." मग पाचवं गाणं आलं. सारांनी तीन हजारावरचा दाब हळूहळू काढला. डोळ्यांपुढे पडदा नव्हता, त्यामुळे बघायला काही नव्हतं. ऐकणंच भाग होतं. त्यांच्या कानांच्या कडेला, जिथे रेघ अडखळते तिथेच, शोशाम्माचा आवाज उभा राहिला. उंच, किंचित कडक, आणि शेवटच्या ओळीला हळूच मऊ होणारा. सारांनी कडवं संपल्यावर ते पुन्हा लावलं. काही फिरवायचं नव्हतं, तरी लावलं.

"झालं की," शोशाम्मा म्हणाली. "आता काय बघताय?"

"काही नाही. तपासतोय."

पाचव्या दिवशी काम झालं तेव्हा सारांनी फक्त एकदा अंगपुसणं उचलायची परवानगी मागितली. गाठ आपल्या जागी होती, उजवीकडचा उतार जसा असावा तसा उतरत होता. पण अगदी डावीकडे, चाळिसाच्या खाली, एक भलामोठा उंचवटा ठेका धरून उठत-बसत होता.

"इथे काहीतरी आहे."

"काही नाही. मला ऐकू येत नाही."

"तुला येत नसेल. इथे आहे."

"कान माझे की तुमचे?"

"कान तुझेच. पण या टीचभर स्पीकरमधून एवढं जाड काही बाहेरच पडत नाही. हॉलमधले मोठे लावून बघू."

दोघं तडक हॉलमध्ये गेली. मोठे स्पीकर लागले, पहिलं गाणं सुरू झालं, आणि खिडक्यांच्या काचा थडथड करायला लागल्या. प्रत्येक मात्रेला एक धप्प. शोशाम्माने दोन ओळी ऐकल्या आणि ती गाणाऱ्यांच्या लाकडी चौथऱ्याकडे बघायला लागली.

"हा पाय आहे," ती म्हणाली. "पुन्नूस मास्तर पायाने ठेका धरतात. चपलेसकट."

मास्तरांना बोलावून ऐकवलं. त्यांनी आधी साफ नाकारलं, मग तबलजीवर ढकललं. तेवढ्यात दुसरं गाणं लागलं आणि त्यांचा उजवा पाय आपोआप चौथऱ्यावर पडला. धप्प. काचा थडथडल्या. मास्तरांनी पायाकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. सारांनी ती जाड बाजू छाटली. त्यांना फार सभ्यपणे वागायचं होतं, पण एवढं बोलल्यावाचून राहवलं नाही. "मास्तर, ही गाठ म्हणजे तुम्ही."

समारंभाचा दिवस उजाडला. फणस नव्हते म्हणून पायसम, म्हणजे तिकडची खीर, दुप्पट केलं होतं. तिरुमेनींनी बटण दाबलं आणि गाणी सुरू झाली. कुत्रा रडला नाही, काचा हलल्या नाहीत, आणि पाचव्या गाण्यातलं कडवं आलं तेव्हा मागच्या बाकांवरच्या गप्पा थांबल्या. तिरुवल्ल्याच्या बहिणीने डोळे पुसले. मात्तन वकील शेजाऱ्याला म्हणाले, "उजवीकडे थोडी जागा मोकळी ठेवा, असा सल्ला मीच दिला होता."

जेवणाआधी तिरुमेनींनी सारांना जवळ बोलावलं. बिशपसाहेब ब्याऐंशी वर्षांचे, आवाज मुळातच कापसासारखा, त्यात मागे भांड्यांचा खणखणाट. त्यांनी सारांचा हात हातात घेतला, हसत हसत काहीतरी दोन-चार वाक्यं बोलले. सारांना 'चर्च' एवढंच ऐकू आलं. स्तुतीच असणार. अशा प्रसंगी पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आनंदाने, तिरुमेनी!"

टाळ्या झाल्या. त्या अपेक्षेपेक्षा जास्त झाल्या. पुन्नूस मास्तर तर उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्याभरात पहिल्यांदाच समाधान होतं.

सार रुबाबात शोशाम्माजवळ येऊन बसले. तिने पायसमचा चमचा खाली ठेवला होता.

"कळलं का काय म्हणाले ते?"

"काम आवडलं म्हणाले."

"आवडलं म्हणून आपल्या भागातल्या सगळ्या चर्चची गाणी तुम्हीच करून द्याल का, असं विचारलं त्यांनी. सत्तावीस चर्च. नाताळच्या आत."

सारांनी तिरुमेनींकडे पाहिलं. ते दुरून आशीर्वादाचा हात करत होते. सारांनीही हात केला.

"सत्तावीस गुणिले आठ," ते पुटपुटले.

"दोनशे सोळा," शोशाम्मा म्हणाली. तिने पायसमची वाटी पुन्हा उचलली, एक चमचा खाल्ला, आणि काजू शोधत शोधत म्हणाली, "त्या स्टुलावर बसून माझी कंबर जाते. उद्या माझ्यासाठी पाठीची खुर्ची आणा. हाताची."

"काय?" सारांनी विचारलं.

"खुर्ची!" शोशाम्मा ओरडली, पुऱ्या तीन हजारावर, आणि अख्ख्या मांडवाने वळून पाहिलं.

"ऐकू आलं," ईपन सार म्हणाले.